रोजच्या जगण्यातून कथा सुचते म्हणतात, पण त्या नोंदींचं पुढे करायचं काय?

कोरी_पाटी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. कथा लिहायचीय म्हटलं की जो तो एकच सांगतो, आजूबाजूला बघ, कान उघडे ठेव, सगळं रोजच्या जगण्यातच असतं. तर ते मी इमानेइतबारे करते. फोनमध्ये नोट्स आहेत, कानावर पडलेली वाक्यं, दिसलेली माणसं, कोण कसं चालत होतं इथपर्यंत. ढीग झालाय नुसता, आणि त्यातलं एकही पुढे सरकत नाही.

एक उदाहरण देते. मध्यंतरी बँकेत एका काकांनी माझं पेन मागितलं. नॉमिनीचा फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख भराभर लिहिलं आणि 'नाते' ह्या रकान्यापाशी येऊन थांबले ते थांबलेच. मग काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, तेही खोडलं, आणि उठून खिडकीवर जाऊन दुसरा कोरा फॉर्म मागून घेतला. मला तिथेच वाटलं की ही कथा आहे. घरी येऊन जसंच्या तसं लिहून काढलं, मैत्रिणीला दाखवलं तर म्हणते छान आहे, मग पुढे? आता पुढे काय ते मला तरी कुठे माहितीये! घटनेतच दम नाही की माझ्यात? खरं सांगा, रागावणार नाही.

भटक्या_बोका
पेन परत दिलं का त्यांनी? (सॉरी, राहवलं नाही.)

कोरी_पाटी
नाही ना दिलं! मीही मागायला गेले नाही, त्यांचा चेहरा बघून धीरच झाला नाही.

शाईचा_डाग
घटना एक नंबर आहे, त्यात दम नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. घोळ 'मग पुढे?' ह्या प्रश्नात आहे. तुम्ही पुढचं शोधत बसलाय आणि कथा बहुतेक मागे आहे, म्हणजे हा माणूस हा फॉर्म आजच का भरायला आला, आधी तिथे कुणाचं नाव होतं, ते का काढलं.

आणि एक, बरं झालं तुम्ही त्यांना काही विचारलं नाहीत. हेन्री जेम्स ह्या अमेरिकन कादंबरीकाराचा किस्सा आहे. 1893 च्या डिसेंबरात एका जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी सहज सांगितलं की ओळखीतली एक आई आणि तिचा मुलगा, वडील गेल्यावर घरातल्या जुन्या भारी फर्निचरवरून भांडतायत. जेम्सला तेवढ्यात कादंबरी दिसली. बाई मात्र पुढचा सगळा तपशील सांगत सुटल्या, आणि ह्याला वाटतंय की आता थांबा, कारण खऱ्या आयुष्यात पुढे जे घडलं ते त्याच्या कामाचं नव्हतं, उलट सुचलेल्याची वाट लावणारं होतं. त्यावरची 'द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन' ही कादंबरी 1897 साली पुस्तकरूपात आली आणि ह्या बीजाची हकिगत त्याने नंतर तिच्याच प्रस्तावनेत लिहिली. म्हणजे चिमूटभर घ्यायचं आणि निघायचं. तुम्ही बरोब्बर तेवढंच घेऊन आलात, पण मग घरी येऊन ते जसंच्या तसं उतरवलंत तिथे गाडी अडली.

दुसरं म्हणजे तुमच्या त्या पानांत 'मी' नुसती बघतेय. बघणाऱ्याचं काहीच जात नसेल तर वाचणाऱ्याचं तरी का जावं? नजर बदलून बघा. खिडकीमागे जी बाई बसलीय तिला घ्या. तो खोडलेला फॉर्म तिच्या टेबलावर राहिला, खोडलेलं अजून वाचता येतंय, आणि त्यावरचं नाव तिच्या आईचं आहे. बघा आता तिला दुसरा फॉर्म देताना हात कसा चालेल ते.

उंबरठा
डाग साहेब, पहिलं सगळं पटलं पण ते आईचं नाव आणलंत आणि सिरियल झाली की हो! एवढी बँक, एवढी माणसं, आणि नेमकी तीच बाई खिडकीवर? योगायोगाने कथा सुरू झाली तर लोक चालवून घेतात, पण गाठ पडायचीय तिथेच योगायोग आला की वाचक पान मिटतो.

कोरी_पाटी ताई, मी वेगळं सुचवते. दिवसभरात तुम्हाला शंभर माणसं दिसत असतील, त्यातले हेच काका का राहिले मनात? माझा अंदाज असा की तुमच्याही एखाद्या रकान्यापाशी पेन थांबतं. ते कुठे थांबतं ते इथे सांगू नका, पण लिहायला तिथून सुरुवात करा. काकांची फक्त ती खोडाखोड ठेवा, माणूस दुसराच घ्या, वय, घर, बोलणं सगळं बदला. टॉलस्टॉयने हेच केलं. जानेवारी 1872 मध्ये त्याच्या शेजारच्या जमीनदाराच्या घरी राहणाऱ्या एका बाईने रेल्वेखाली जीव दिला, तिचं प्रेत त्याने स्वतः पाहिलं होतं. 'अ‍ॅना कॅरेनिना' ही कादंबरी लिहायला घेतली ती 1873 मध्ये, आणि तिच्यातली अ‍ॅना उच्चभ्रू घरातली, लग्न झालेली, त्या बाईपेक्षा पार वेगळी. घेतलं काय तर ती रेल्वे, तो शेवट आणि पहिलं नाव. ते वर्ष मधे गेलं हेही महत्त्वाचं वाटतं मला, आपण काय करतो, संध्याकाळी घरी आलो की लगेच लिहायला बसतो, तेव्हा डोक्यात फक्त दिसलेलं असतं.

ढिगाचं म्हणाल तर फोन न उघडता ज्या नोंदी आठवतात तेवढ्या एका कागदावर लिहा, बाकीच्यांकडे सध्या बघूच नका. आणि मग त्यातल्या दोन, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही अशा, शेजारी ठेवून बघा. माझ्या एकट्या नोंदीने बऱ्याचदा काही होत नाही पण तिला दुसरी भेटली की चालायला लागते.

भटक्या_बोका
मी मघाशी गंमत केली पण आता वाटतंय पेनच घ्या. परत द्यायला विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेन द्यायला परत आला तर दोघांना बोलावं लागेल ना? निदान 'मग पुढे' तरी सुटलं.

शाईचा_डाग
सिरियल मान्य 😄 बोक्याचं पेन माझ्या आईपेक्षा बरंय.

कोरी_पाटी
उंबरठा ताई, तुमचं ते रकान्याचं वाचून फोन बाजूलाच ठेवला थोडा वेळ. कुठे थांबतं ते कळलंय मला. पण मग ते लिहिलं तर घरातले ओळखतील त्याचं काय? अनोळखी काकांना बदलणं सोपं आहे, सख्ख्या आत्याला कसं बदलू, ती तर माझं सगळं वाचते.

उंबरठा
आधी पूर्ण ड्राफ्ट कुणालाही न दाखवता लिहून काढा, कोण काय म्हणेल ते नंतर. मग बदलताना नुसतं नाव आणि गाव बदलून भागत नाही, माणूस ओळखू येतो तो सवयींवरून, कोण कसं हाक मारतं, कुठलं वाक्य सारखं तोंडात असतं त्यावरून, ते आधी काढा. आणि दोन नातेवाईक मिळून एक पात्र करा, हा उपाय मला नेहमी लागू पडतो. कुणाच्या आजारपणाची किंवा पैशाची खरी गोष्ट असेल तर मात्र सरळ विचारून घ्या, ते बदलूनही दुखतं. बाकी लोक स्वतःला सहसा ओळखत नाहीत हो. मी एका कथेत चिक्कू सासरा लिहिला होता, ज्यांच्यावरून उचलला त्यांनी 'अशी माणसं असतात खरी' म्हणून कौतुक केलं, आणि अबोला धरला तो आमच्या मामांनी, जे लिहिताना माझ्या डोक्यातसुद्धा नव्हते.