मदत हवी आहे : आईची अंगदुखी, नॉर्मल रिपोर्ट आणि 'डिप्रेशनची गोळी'

नमस्कार.

माझी आई ७२ वर्षांची आहे. गेले दीड वर्ष तिची पाठ, दोन्ही खांदे आणि मांड्या सतत ठणकतात. सकाळी पाठीत असलेली कळ दुपारी खांद्यात जाते आणि रात्री मांड्यांत उतरते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पाठीचा एकच बिंदू दाबून ती उभी राहते. तेल चोळलेल्या पाठीमुळे तिथला रंग आता काळपट पडला आहे.

पन्नाशीनंतर खांदे आणि मांड्या धरणारा पॉलिमायल्जिया हा आजार असेल अशी शंका डॉक्टरांना होती, परंतु ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज-दाह दाखवणाऱ्या दोन्ही रक्तचाचण्या नॉर्मल आल्या. थायरॉइड, बी १२ आणि कॅल्शियमही ठीक आहे. ड जीवनसत्त्व कमी होते, ते भरून निघाले, पण दुखणे हलले नाही. एमआरआयवर वयोमानानुसार झीज एवढाच शेरा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वेदनाशामके घेतल्याने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढू लागले, म्हणून ती बंद केली. रात्री अमिट्रिप्टिलीन हे वेदनेसाठीही दिले जाणारे औषध दिले, तर तोंडाला कोरड पडली, बद्धकोष्ठ झाला आणि पहाटे बाथरूमला जाताना तिचा तोल जाऊ लागला.

बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून ती पहाटे साडेतीनला जागी होते, अर्ध्या भाकरीवर उठते, आणि दर श्रावणात वाती वळणाऱ्या तिच्या हातांनी यंदा कापसाचा डबा उघडलासुद्धा नाही. मात्र वाईट वाटते असे ती कधीच म्हणत नाही. विचारले की म्हणते, "मला काय होतंय, अंग तेवढं दुखतं." एकदा "आता बोलावणं आलं तर बरं" असे म्हणाली, तेव्हा मी तिच्याजवळ बसून, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारले. ती नाही म्हणाली. तरीही ही गोष्ट मी आमच्या डॉक्टरांच्या कानावर घातली आहे.

त्यांनी ड्युलोक्सेटिन सुचवले आहे. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या ज्या वाटा वेदनेचे संदेश दाबतात, त्यांत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायने काम करतात, आणि नैराश्याशीही त्यांचाच संबंध आहे, त्यामुळे हे औषध दोन्हींवर दिले जाते, असे त्यांनी समजावले. या वयात रक्तातील सोडियम तपासत राहावे लागेल, हेही सांगितले. हे मला पटले. अडचण अशी झाली की औषधाच्या दुकानात "ही डिप्रेशनची गोळी आहे" हे आईने ऐकले. त्याआधी एका तज्ज्ञांनी तिच्यादेखत "सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हटले होते, ते तिच्या मनात सलत होतेच. घरी येऊन तिने गोळ्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "मी सोंग करते असं वाटतं ना तुला?"

तिचे दुखणे खरे आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. नातेवाईक सांगतात की जीवनसत्त्वाची गोळी म्हणून देऊन टाक. ते मी करणार नाही, कारण ते कळले तर माझ्यावरचा तिचा विश्वास कायमचा जाईल.

ज्यांच्या घरी असे घडले आहे, त्यांनी ही गोष्ट आईवडिलांना कोणत्या शब्दांत सांगितली? आधी पेन क्लिनिकमध्ये नेऊन तिथल्या डॉक्टरांकडूनच मानसोपचारतज्ज्ञांचा विषय काढलेला बरा, की थेट न्यावे? सत्तरीपुढे ड्युलोक्सेटिन कोणी घेतले असल्यास पहिले काही आठवडे कसे गेले? आम्ही साताऱ्यात राहतो, पुण्याला येण्याची तयारी आहे. वृद्धांचे ऐकून घेणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया कळवावे.