गिटारचं बाइंडिंग कमरेत सुटलंय: प्लास्टिक लाकडाला कशानं चिकटवावं?

सहावी_तार, डोंबिवली
अकूस्टिक गिटार आहे. वरची फळी स्प्रूसची, बाजू महोगनीच्या. कमरेत (मधल्या अरुंद भागात) हस्तिदंती रंगाचं प्लास्टिक बाइंडिंग, म्हणजे कडेनं फिरणारी पट्टी, साधारण १४ सेंमी सुटलंय, मधोमध लाकडापासून दीड मिमी लांब राहतं. खाचेत पांढुरका थर दिसतो, आधी कोणीतरी फेविकॉल लावलेला असावा. घरात फेविक्विक, ॲराल्डाइट आणि नळजोडणीचं पीव्हीसी सोल्युशन आहे. यातलं काय चालेल? पॉलिश खराब व्हायला नको.

रंधा_पटाशी
गोंद नंतर, आधी प्लास्टिक कोणतं ते बघा. सुटलेल्या भागाच्या आतल्या बाजूनं ब्लेडनं नखाएवढी कपची काढा आणि पत्र्याच्या झाकणात त्यावर ॲसिटोनचा थेंब टाका. सेल्युलॉइड आणि एबीएस काही मिनिटांत चिकट होतात. पीव्हीसी फुगतं, मऊ पडतं, पण विरघळत नाही. पहिल्या दोघांतला फरक जाळून कळतो: सेल्युलॉइड भपकन पेटतं आणि कापराचा वास येतो, कारण त्यात कापूर असतोच. एबीएस काळी काजळी सोडत जळतं. ही दुसरी कपची कोरडी हवी, खिडकीपाशी चिमट्यात धरून जाळा, आणि ॲसिटोनची बाटली तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. शुद्ध ॲसिटोन प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे मिळतं.

फेविकॉल सुटणारच होता. त्यातलं पाणी लाकूड शोषून घेतं म्हणून तो लाकडात पकडतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्या बाजूला नुसता पापुद्रा बनतो. पीव्हीसी सोल्युशन प्लास्टिकला प्लास्टिक जोडायचं रसायन आहे, लाकडात ते फक्त छिद्रांत अडकून राहतं. शिवाय बाहेर आलेला थेंब पॉलिश खातो. ते बाजूला ठेवा.

मऊ_कानस
नव्या, पॉलिश न झालेल्या गिटारवर ॲसिटोनवर आधारलेला सिमेंट (प्लास्टिकचा गोंद) उत्तमच: तो बाइंडिंगचा पृष्ठभाग विरघळवून लाकडाच्या रेषांत बसवतो. तुमच्या गिटारवर मात्र पॉलिश आहे, आणि ते नायट्रो लॅकर असेल तर ॲसिटोनचा एक ओघळ पुरे. इथे सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्याच जातीचा गोंद हवा, पण मध्यम घट्टपणाचा. साधं फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, स्प्रूसच्या उघड्या कडेत लगेच शिरतं आणि वरून काळपट डाग दिसतो. तो घासून जात नाही.

ॲराल्डाइटची ताकद भरपूर आहे, अडचण वेळेची आहे. कमरेतलं बाइंडिंग सतत बाहेर उसळत असतं आणि हा गोंद सावकाश बसतो, तेवढ्यात फट पुन्हा उघडते. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर तो सोडवणंही कठीण.

सहावी_तार
कपची तीन मिनिटांत चिकट झाली, जळताना काजळी आली. म्हणजे एबीएस. पण बोटानं कमरेत दाबलं की शेजारच्या भागात फट उघडते.

रंधा_पटाशी
मग बाइंडिंग आखडलंय. जोर लावून चिकटवलंत तर काही महिन्यांत तिथेच सुटेल. त्याला लांबी द्यावी लागेल. कमरेपासून बुडाच्या जोडापर्यंत बाइंडिंग मोकळं करा: हेअर ड्रायरनं कोमट करत पातळ सुरी सरकवायची, हात लावून सहन होईल इतकंच गरम. एबीएस फार तापलं की लाटा येतात आणि त्या जात नाहीत.

खाचेतला जुना फेविकॉल कोमट व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या कापडानं मऊ करून पटाशीनं खरवडा. लाकूड भिजवू नका. एक दिवस वाळू द्या. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या पातळ चपडा लाखेचा एक हात बारीक ब्रशनं स्प्रूसच्या कडेवर मारा, तासभर थांबा. डाग अडतो तो इथे. बाइंडिंगची आतली बाजू १८०च्या पॉलिश पेपरनं खरखरीत करा.

कोरडं बसवून पाहिल्याशिवाय गोंद उघडू नका. कमरेकडून सुरुवात करून बुडाकडे जा. एका वेळी ३-४ सेंमी, तेवढ्यात दोन-तीन थेंब, मास्किंग टेप ताणून लावा आणि मिनिटभर बोटानं धरा. शेवटी बुडापाशी २ मिमीच्या आसपास फट उरेल, ती अपेक्षितच आहे. त्याच रंगाच्या एबीएसचा तुकडा बसवा, किंवा कपच्या ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखी लापशी करून भरा. आजूबाजूचं पॉलिश टेपनं झाका. लापशी वाळताना बसते, म्हणून थोडी उंच भरून दोन दिवसांनी तासा.

मऊ_कानस
टेपबद्दल एक. आधी कपड्यावर चिकटवून तिचा जोर कमी करा, नाहीतर काढताना जुन्या पॉलिशचे टवके निघतात. काढताना टेप स्वतःवरच उलटी दुमडून सावकाश ओढा. कमरेला टेप पुरत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून पूर्ण गिटारभोवती गुंडाळा, कमरेवर लाकडाचा गोलसर ठोकळा ठेवून त्यावरून घ्या.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम एसीच्या खोलीतच करा. गिटार आधी तीन-चार दिवस तिथे ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. दमट हवेत सायनोॲक्रिलेट फार लवकर बसतं, टेप लावेपर्यंत वेळ मिळत नाही, आणि त्याची वाफ पॉलिशवर पांढरट धुक्यासारखी बसते. गोंद कमी आणि पंखा मंद ठेवला तर टळतं. घाई म्हणून ॲक्टिव्हेटर फवारू नका, गोंदाला फेस येतो आणि जोड ठिसूळ होतो.

सहावी_तार
लाख मारून झाल्यावर तिच्यावर सायनोॲक्रिलेट पकडेल ना?

रंधा_पटाशी
हो, थर पातळ असेल तर. चकचकीत दिसू लागली तर दोन हात झाले, ४०० च्या पेपरनं हलकं मारून घ्या.