‘कॉसॅक’ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: एक लेख मराठीत आणतेय. सिम्योन देझ्न्योव हा रशियन कॉसॅक १६४८ मध्ये सैबेरियातल्या कोलिमा नदीच्या मुखातून समुद्रात शिरला आणि आशिया-अमेरिकेमधल्या सामुद्रधुनीतून गेला, बेरिंग या दर्यावर्दीच्या ऐंशी वर्षं आधी. संपादकांनी सगळीकडे ‘कॉसॅक’ खोडून ‘घोडेस्वार’ केलंय. आता वाक्य असं: ‘घोडेस्वारांच्या बहुतेक होड्या बुडाल्या.’ सुचवा काहीतरी.

वाटसरू: ‘बारगीर’! जहांगीरच्या काळचा इतिहासकार मुतमद खान मलिक अंबरच्या लढाईला ‘कज्जाकी’ म्हणतो, आणि दख्खनी लोक हिलाच बारगीगिरी म्हणतात असंही सांगतो. कज्जाक आणि कॉसॅक एकच, मूळ तुर्की. आपला शब्द असताना उसना कशाला?

पुणेरी पाटी: बारगीरही फारसीच. शिवाय बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. देझ्न्योवकडे कुठला घोडा होता?

तळटीप: घोडा जाऊ दे, पगारही नव्हता. हे सैबेरियातले कॉसॅक झारचे नोकर. त्याची १९ वर्षांची बाकी थकली होती. मॉस्कोला जाऊन अर्ज केला तेव्हा एक तृतीयांश रोख मिळाली, उरलेल्याचं कापड! काम म्हणजे स्थानिकांकडून ‘यासाक’ वसूल करायचा, सेबल या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या रूपात. त्यासाठी माणसं ओलीस ठेवायचे. यासाकला ‘चौथाई’ चालेल?

अर्धविराम: नको, चौथाईत हिशेब आहे. ‘खंडणी’ लिहा, ओलिसांसकट अर्थ पोचतो. आणि सरसकट ‘कॉसॅकांनी अलास्का घेतलं’ असं लिहू नका. १७४३ मध्ये येमेल्यान बासोव हा कामचात्काचा कॉसॅक ‘कमांडर’ नावाच्या बेटांकडे गेला खरा, समुद्री पाणमांजराच्या कातड्यांसाठी. पण पुढे अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर गेले ते मुख्यतः व्यापाऱ्यांच्या पैशावर जाणारे शिकारी.

वाटसरू: आमची आजी भांडखोर बाईला ‘कजाग’ म्हणायची. तो कज्जाकच! शब्द घरात आहे आणि आपण बाहेर शोधतोय.

पुणेरी पाटी: मला तर वाटतं, कजाग ‘कज्जा’वरून आला. कज्जे करते ती कजाग.

वाटसरू: मग शेवटी ‘ग’ कुठून चिकटला?

अर्धविराम: ते राहू द्या, कजाग फक्त बाईच का? पुरुषाला म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

तळटीप: मंडळी, लेख उद्या द्यायचाय.

पुणेरी पाटी: म्हणतात की! आमच्या आत्याच्या यजमानांना अख्खी आळी म्हणायची.