गालातली जखम दीड महिना बरी होत नाही, डॉक्टर तुकडा काढायचा म्हणतात, काढू द्यावा का?

हडपसरची_सून

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या सासूबाई, वय ६३, मूळच्या पुरंदरकडच्या, आता आमच्याकडे हडपसरला असतात. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या डाव्या गालाला आतून जखम झाली, खालच्या दाढेसमोर. दाढेचं टोक लागत असेल म्हणून जवळच्या डेंटिस्टकडे नेलं, त्यांनी दाढ घासून दिली, लावायला जेल दिलं, बी कॉम्प्लेक्स दिलं आणि पंधरा दिवसांनी परत या म्हणाले. आई काय गेल्या नाहीत, दुखत नाही ना मग कशाला, मध्येच भाचीचं लग्न निघालं, मग आमच्या धाकट्याला ताप, राहूनच गेलं. जखम आहे तिथेच आहे, कडा जाड झाल्यात, बोटाला कडक लागते. आठ दिवसांपासून डावा कान ठणकतोय, कानात ड्रॉप घातले तर शून्य फरक. आणि भाकरीचा घास घ्यायला तोंड पहिल्यासारखं उघडत नाही.

काल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं तंबाखू खाता का, तर आई ठणकावून नाही म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अहो आई, मिश्री? तर म्हणे "मिश्री म्हणजे काय तंबाखू का? दात घासायला लावते मी." सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, रात्री झोपताना, गेली चाळीस वर्षं. मी तशीच परत आत जाऊन सांगितलं, मग डॉक्टरांनी मानेवर दोन्ही बाजूंनी नीट हात फिरवून बघितलं आणि बायोप्सी लिहून दिली.

तेव्हापासून घरात महाभारत. सासवडचे चुलत सासरे दिवसातून तीनदा फोन करतात, "सुरी लागली की पसरतं, आपल्या आळीतला तो बघ, तुकडा काढला आणि चार महिन्यांत गेला." त्यांच्याकडे कसलं तरी चूर्ण पण आहे. आमचे हे मधल्यामध्ये. खरंच पसरतं का? आणि कॅन्सर निघालाच तर पुढे काय काय असतं? कुणी यातून गेलं असेल तर स्पष्ट सांगा, मला घाबरवलं तरी चालेल.

दाढेचा_वैद्य

ताई, मी कोथरूडला दातांची प्रॅक्टिस करतो. इथून बघून कॅन्सर आहे का नाही हे कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही, तेवढ्यासाठीच तर तुकडा काढतात. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी असतो तर याच आठवड्यात बायोप्सी करून टाकली असती. नियम साधा आहे, टोचणारं काय असेल ते काढलं तरी दोन-तीन आठवड्यांत तोंडातली जखम भरली नाही तर तुकडा तपासायचा. "पंधरा दिवसांनी या" हेच त्या चिठ्ठीतलं खरं औषध होतं, जेल वगैरे ठीक.

कान दुखतोय पण कानात काही नाही, हे आम्ही बऱ्याचदा बघतो. तोंड, घसा आणि कान यांच्या नसा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे दुखणं खाली असतं आणि ठणका कानात लागतो. तोंड कमी उघडणं हे मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांची गालाची आतली कातडी चामड्यासारखी आखडते म्हणून उघडत नाही, आणि कधी कधी गाठ चावायच्या स्नायूंपर्यंत गेली म्हणून. दोन्हीचा अर्थ वेगळा आहे.

पसरतं म्हणणाऱ्या काकांना सांगा की बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. आळीतले ते गृहस्थ बहुतेक सगळे उपाय करून झाल्यावर शेवटी डॉक्टरकडे गेले असणार, आजार आधीच पुढे गेलेला आणि नाव सुरीवर आलं. गालाचा तुकडा काढायला बधिर करायचं इंजेक्शन देऊन १०-१५ मिनिटं लागतात, मानेत गाठ लागली तर तिथे बारीक सुई घालून पेशी काढतात. बास.

आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, भाजून पूड केलेली. हे प्रत्येक बाई मला "नाही हो, तंबाखू नाही" असंच सांगते, म्हणून मी आता तंबाखू विचारतच नाही, मिश्री, मशेरी, तपकीर, मावा, नुसती सुपारी अशी नावं घेऊन विचारतो. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते बरं का, तंबाखू नसली तरी.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: पांढरा किंवा लाल चट्टा जो पुसला जात नाही, मानेत न दुखणारी गाठ (प्रत्येक गाठ अवधाण नसते), तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणं, एकाच नाकपुडीतून रक्त, विनाकारण हलायला लागलेला दात. जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र, नाक-सायनस, लाळेच्या ग्रंथी हे सगळं हेड अँड नेक, म्हणजे डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये येतं. मेंदू येत नाही, लोक नाव ऐकून तिथेच घाबरतात.

सदाशिवपेठी

माझी आजी मिश्री लावून ९१ वर्षं जगली. काही झालं नाही. उगाच घाबरवू नये लोकांना.

दाढेचा_वैद्य

आजींना नमस्कार. हेल्मेट न घालता सत्तर वर्षं गाडी चालवलेलेही पुण्यात आहेत.

पप्पांचा_ड्रायव्हर

ताई, माझ्या पप्पांना २०२१ ला गालाचाच निघाला, चिंचवडला राहतो आम्ही, आज पप्पा ठीक आहेत, त्यामुळे मनातलं लिहितो जरा.

तोंडाच्या आतल्या कॅन्सरला शक्यतो आधी ऑपरेशन. पप्पांचा गालाचा भाग, जबड्याची कड आणि मानेतल्या त्या बाजूच्या गाठी काढल्या. मान का कापता, तिथे तर काही लागत नाही, असं मी भांडलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की परळच्या टाटाचाच अभ्यास आहे, २०१५ ला छापून आलेला, गाठ दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा सुरुवातीलाच मानेतल्या गाठी काढलेले पेशंट जास्त जगतात. गालाच्या जागी मांडीची कातडी-चरबी रक्तवाहिनीसकट आणून जोडली, नऊ तास आम्ही बाहेर. एक विनोदी भाग सांगतो, मांडीच ती, त्यामुळे नंतर पप्पांना गालात आतून केस यायला लागले होते. लाईट दिल्यावर गेले.

लाईट म्हणजे रेडिएशन. ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. आधी चेहऱ्यावर प्लास्टिकची गरम जाळी दाबून मुखवटा करतात, तो रोज टेबलला क्लिपांनी आवळतात म्हणजे डोकं हलत नाही. पप्पा शूर माणूस पण पहिल्या दिवशी त्या मुखवट्यात रडले. लाईट देताना काही कळत नाही, पाच-दहा मिनिटं. खरा त्रास तिसऱ्या आठवड्यापासून, तोंड आतून सोलून निघतं, लाळ चिकट होते, चव जाते, पाणी पण झोंबतं. तेव्हा नाकातून नळी घालायची म्हणतील, नाही म्हणू नका, आम्ही आठ दिवस नाही म्हणालो आणि पप्पांचं सहा किलो वजन गेलं. नळीतून पातळ खिमट, ताक, अंडं घातलेलं दूध, डाळीचं पाणी, सगळं मिक्सरमधून काढून वर गाळून. गाळणी विसरलात तर नळी तुंबते आणि परत तिकडे जावं लागतं, अनुभव आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, लाईट सुरू व्हायच्या आधी दात दाखवा. किडलेले दात आधीच काढतात, कारण नंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दात काढलेली जागा भरत नाही, हाड सडायला लागतं. हे आम्हाला एका ठिकाणी कुणी बोललंच नव्हतं, दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं.

खर्चाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजना ज्या हॉस्पिटलला आहे तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे. आधी भेटा, बिल भरून झाल्यावर नाही. टाटाला जायचं ठरलं तर सकाळची गाडी पकडून दादर, आणि राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे पेशंटसाठी.

नाव_नको

जरा वेगळं, पण लिहिते. माझ्या मिस्टरांनी आयुष्यात तंबाखू, सिगारेट, दारू काही नाही आणि टॉन्सिलच्या जागी निघाला, एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे. पहिलं लक्षण एकच, दाढी करताना हाताला लागलेली मानेतली गाठ. ऑपरेशन नाही झालं, लाईट आणि दर आठवड्याला किमो. सगळ्यांची ट्रीटमेंट एकसारखी नसते, शेजारच्या पेशंटशी तुलना करत बसू नका.

हडपसरची_सून

सगळ्यांचे खूप आभार. बारा दिवसांनी लिहितेय. बायोप्सी केली, आई म्हणाल्या दाढ काढताना जास्त दुखलं होतं. रिपोर्ट कॅन्सरचाच आला, स्क्वॅमस सेल, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा. स्कॅनमध्ये जबड्याच्या हाडाला लागलंय, छातीत काही नाही. डॉक्टर म्हणाले स्टेज ४ ए. हे ऐकून आमचे हे खुर्चीत बसले ते उठेचनात, चार म्हणजे संपलंच ना? काका आता म्हणतायत मग कशाला कापाकापी. आईंनी मिश्रीचा डबा स्वतःच माझ्या हातात दिला, पण काल उशीखाली पुडी सापडली. आणि दात दाखवायचे राहिलेत, ऑपरेशन पुढच्या बुधवारी, आता काय करू?

दाढेचा_वैद्य

ताई, चार म्हणजे संपलं नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हाडात शिरला की तो चारमध्येच मोजतात, पण ४ ए चं ऑपरेशन बरं करण्यासाठीच करतात, नंतर लाईट, लागली तर बरोबर किमो. सोपं आहे असं म्हणत नाही. काकांना म्हणावं बारामती सासवडहून किती लांब आहे, शरद पवारांचं तोंडाचं ऑपरेशन २००४ साली झालं. आणि हेही खरं की आर. आर. आबा २०१५ ला याच आजाराने गेले.

दातांचं टेन्शन घेऊ नका, सर्जनना आजच फोन करून विचारा, खराब दात बरेचदा त्याच भुलीत काढून टाकतात, म्हणजे लाईट सुरू होईपर्यंत जागा भरून येते. लाईट ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, ती तारीख आत्ताच विचारून ठेवा. कवळी असेल तर काढून ठेवा, डॉक्टर सांगेपर्यंत घालायची नाही.

पुडीवरून भांडू नका. चाळीस वर्षांची सवय आहे, तलब येते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, आईंनाच बोलू द्या त्यांच्याशी. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून मिश्री लपवू नका, त्यांना माहीत असलेली बरी.

पप्पांचा_ड्रायव्हर

बुधवारी कुठल्या हॉस्पिटलला आहे ऑपरेशन? रक्त लागलं तर मेसेज करा, मी आणि माझे दोन मित्र ओ पॉझिटिव्ह आहोत. आमची जुनी गाळणी पण आहे, बारीक जाळीची, पाहिजे तर आणून देतो.