शब्दचर्चा: 'करणी' कुणी केली?

प्रश्नकर्ता: नववीतल्या पुतणीनं वहीत लिहिलं होतं, '√७ ही करणी आहे.' आजीनं ते वाचलं आणि विचारलं, "कुणावर केली गं?" आमच्या कोल्हापुरात करणी म्हटलं की लिंबू, टाचण्या, काळी बाहुली. गणितात हा शब्द आला कुठून? आणि अपरिमेय म्हणजेच करणी का?

जुना मास्तर: करणी म्हणजे करणारी. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेद्या रचण्याच्या जुन्या ग्रंथांत, वेद्या दोरीनं आखत. चौरसाच्या कर्णावर नवा चौरस उभा केला की क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून तो कर्ण द्विकरणी. तिप्पट करणारी ती त्रिकरणी. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' म्हणतो त्यातलं 'करणं' हेच, आजींच्या करणीतलंही हेच. पुढं अर्थ आवळत गेला: जे मूळ पुरतं निघत नाही, ती करणी. भास्कराचार्यांच्या बीजगणितात करणींच्या बेरीज-वजाबाकीला वेगळं प्रकरणच आहे.

अपरिमेय मात्र मोठं कुटुंब: दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात नेमकी न बसणारी कुठलीही संख्या. प्रत्येक करणी अपरिमेय. पण वर्तुळाचा पाय (π) अपरिमेय असून करणी नव्हे. √१६ दिसते करणीसारखी, पण १६ पूर्ण वर्ग, मूळ ४, विषय संपला. शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर संख्या पूर्ण वर्ग नाहीच, एवढं पुतणीला सांगा. परीक्षेत वेळ वाचेल.

लेथवाला: 'अपरिमेय' शब्दच मला खटकतोय. मोजता येत नाही म्हणे! उद्यमनगरात आम्ही रोज मोजतोय की. गोल बारमधून २५ मिलिमीटरचा चौकोन काढायचा तर त्याचा कर्ण २५ गुणिले √२, म्हणजे १.४१४, म्हणजे ३५.३५. ३६ चा बार घ्यायचा, झालं काम.

जुना मास्तर: मोजा की, कोण नको म्हणतंय? पण बाजू आणि कर्ण दोन्ही एकाच मापात पुरे बसत नाहीत, माप कितीही बारीक घ्या. भागाकारात बसत नाही एवढाच 'अपरिमेय'चा गणितातला अर्थ, 'अमाप' नव्हे. शुल्बसूत्रकार बौधायनानं द्विकरणी, म्हणजे √२, ५७७/४०८ धरली. तिचा वर्ग करून बघा: वर ३३२९२९, खाली १६६४६४. खालच्याची दुप्पट ३३२९२८. वर एक उरलाच.

लेथवाला: एकच? आमच्या व्हर्नियरला तो दिसायचाबी नाही.