इथिओपियात हवासाला कामासाठी जायचंय, थोडी बेसिक माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बारामतीला गारमेंट लाइनवर क्वालिटीचं काम बघते, आता कंपनी काही महिन्यांसाठी इथिओपियात पाठवतेय, राजधानीत नाही तर दक्षिणेला हवासा म्हणून शहर आहे तिथे. २०१६ साली सुरू झालेलं कपड्यांच्या कारखान्यांचं मोठं इंडस्ट्रियल पार्क आहे म्हणे. पासपोर्ट वगैरे तयार आहे पण देशाबद्दल मला शून्य माहिती, आणि आईच्या डोक्यात अजून ८४ सालच्या दुष्काळाचे फोटो, त्यामुळे घरात रोज तोच विषय.

वाचून जे कळलं ते असं. लोकसंख्या बारा कोटींच्या वर, आफ्रिकेत नायजेरियानंतर हाच. १८९६ ला अडवाच्या लढाईत यांनी इटलीला हरवलं, नंतर १९३६ ते ४१ इटलीने कब्जा केला तेवढाच, बाकी युरोपवाल्यांच्या हाती देश लागला नाही आणि त्याचा त्यांना प्रचंड अभिमान आहे. १९९३ ला एरिट्रिया वेगळा झाला तेव्हापासून समुद्र नाही. पंतप्रधान अबी अहमद, २०१९ चं शांततेचं नोबेल त्यांना, आणि पुढच्याच वर्षी उत्तरेच्या टिग्रे भागात युद्ध सुरू, यावर काय बोलणार!

आता प्रश्न.
युद्ध २०२२ ला करार होऊन थांबलं असं वाचलं, मग अजून सांभाळून राहा असं का सांगतात? हवासाला भीती आहे का? मी शाकाहारी आहे, अंडंपण नाही, तर खायचं काय? लस कुठली घ्यायची? आणि सगळ्यात गोंधळ म्हणजे तिकडच्या ऑफिसने पाठवलेल्या कागदावर वर्ष २०१८ आहे आणि शिफ्ट सकाळी १ वाजता सुरू असं लिहिलंय. मेल करून विचारलं तर "येस येस करेक्ट" एवढंच उत्तर. कोणी राहून आलं असेल तर प्लीज सांगा, अगदी फालतू वाटणारी माहितीपण चालेल.

प्रतिसाद १

ताई, कागद बरोबर आहे :) त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, नवीन वर्ष ११ सप्टेंबरच्या सुमारास. तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. घड्याळ सूर्य उगवल्यावर सुरू होतं, म्हणजे आपले सकाळचे ७ ते त्यांचा १, आपले ९ ते त्यांचे ३. विमानाची तिकिटं मात्र नेहमीच्या वेळेत असतात. कोणी भेटायची वेळ दिली की "इथिओपियन टाइम की फॉरेन टाइम" हे विचारायचंच, मी राजधानी अदीस अबाबाला होतो तेव्हा शेवटपर्यंत विचारत होतो. भारतापेक्षा अडीच तास मागे.

खाण्याची काळजी सोडा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवार-शुक्रवार उपास धरतात आणि ईस्टरआधी ५५ दिवस सलग, त्यात मांस, दूध, अंडी, लोणी काहीच चालत नाही. हॉटेलात जाऊन "त्सोम" (म्हणजे उपास) म्हणा, इंजेरा म्हणजे त्यांची मोठी आंबोळीसारखी भाकरी, तिच्यावर मसूर, कोबी, बटाटा, पालेभाज्या असं सगळं येतं, त्याला बेयायनेतू म्हणतात. शिरो म्हणजे तर मसालेदार पिठलंच. उपास नसेल त्या दिवशी शिरोतपण लोणी घालतात, तुम्हाला चालत नसेल तर आधी सांगा. इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याच्या पिठाचा, आंबवलेला, पहिल्यांदा आंबट लागेल. एका ताटात सगळे उजव्या हाताने खातात आणि प्रेमाने तुमच्या तोंडात घासपण भरवतात, नाही म्हटलं तर वाईट वाटतं त्यांना. कॉफीला बोलावलं तर वेळ काढून जा, तीन फेऱ्या होतात आणि पहिल्या कपावर उठायचं नसतं. त्यात हवासा म्हणजे सिदामा भाग, कॉफीसाठीच प्रसिद्ध.

प्रतिसाद २

सेफ्टीबद्दल. टिग्रेचं थांबलं पण २०२३ पासून शेजारच्या अम्हारा भागात सरकार आणि फानो म्हणून तिथल्या सशस्त्र गटांत लढाई सुरू झाली. लालिबेलाची दगडात कोरलेली चर्च आणि गोंदरचे किल्ले त्याच भागात आहेत, मन कितीही झालं तरी सुट्टीत परस्पर निघू नका, आधी आपल्या दूतावासाची सूचना बघा. हवासा दक्षिणेला आहे, तिथून बरंच लांब, तरी रस्त्याने रात्रीचा प्रवास नको.

पिवळ्या तापाची लस सरकारी मान्यता असलेल्या केंद्रातच घ्या, निघायच्या निदान दहा दिवस आधी. लसीचं ते पिवळं कार्ड जपून ठेवा, भारतात परत येताना ते जवळ नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाचं डॉक्टरांना नक्की विचारा, अदीस अडीच हजार मीटरच्या आसपास उंच आहे म्हणून तिथे धोका नसतो, हवासा बरंच खाली आहे, तिथे असतो. बिर म्हणजे त्यांचं चलन इथे मिळणार नाही, डॉलर न्या आणि तिकडे बँकेत बदला. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी बिरचा दर बाजारावर सोडला आणि तो धाडकन पडला, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून खर्चाचा हिशोब करू नका.

आईंना सांगा, मलिक अंबर तिकडचाच, तिथल्या हरार शहराच्या बाजूचा असं मानतात. तिकडून येऊन निजामशाही चालवली त्याने, तुम्ही शिफ्ट चालवा :)

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! दादा, म्हणजे शिफ्ट सातची, सुटले. मलिक अंबरचं आईला सांगितलं, तर म्हणे तो परत कुठे गेला होता :( असो. अजून एक, २०२२ पासून अमेरिकेने यांची ड्युटी-फ्री सवलत काढली आणि काही मोठे ब्रँड हवासातून निघून गेले असं वाचलं. सध्या पार्कमध्ये काम कितपत चालू आहे हे कोणाला माहीत आहे का? आणि कुकर नेऊ की तिकडे मिळतो?