अ‍ॅटोर्वास्टॅटिन सुरू केल्यापासून मांड्या दुखतात : डॉक्टरांना केव्हा कळवावे?

प्रश्न : माझ्या आईला तीन आठवड्यांपूर्वी कोलेस्टेरॉल कमी करणारे अ‍ॅटोर्वास्टॅटिन 40 मिलिग्रॅम सुरू झाले असून आता जिना चढताना तिला कठड्याला धरून थांबावे लागते. पुढच्या महिन्यातील तपासणीपर्यंत वाट पाहावी का?

उत्तर : कृपया वाट पाहू नका. दोन्ही मांड्या दुखत असतील आणि अशक्तपणाही असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करून या औषधाची रात्रीची गोळी घ्यावी का, हेही विचारा. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर मात्र थेट रुग्णालय गाठा, कारण स्नायूंच्या पेशी तुटून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

दुसरे उत्तर : मध्यंतरी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतले होते का? त्यामुळे अ‍ॅटोर्वास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते.

प्रश्नकर्ती : लघवी नेहमीसारखीच आहे, परंतु खोकल्यासाठी तेच प्रतिजैविक चालू आहे. दोन्ही गोळ्यांची पाकिटे समोर ठेवून आताच डॉक्टरांना फोन लावते.